हरबाला नाण्यांची पारख येते

सांगा बरं, भरवसा ठेवावा तर कुणावर? गोड बोलणाऱ्यावर, की सांगितलेलं तंतोतंत करणाऱ्यावर? घाई नको. आधी गोष्ट ऐका.

खैरवाडीत हरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगाल ते करायचा. फक्त सांगाल तिथे करायचा नाही.

त्याच्या सासऱ्यांनी त्याला राणीछाप चांदीचे तीन जुने रुपये दिले. म्हणाले, "जावईबापू, हे विका आणि एक दुभती म्हैस घ्या. माझी कौसा दुसऱ्याच्या दारात दूध मागत फिरते, ते मला बघवत नाही."

तालुक्याला माझं भांड्यांचं दुकान. मोडीच्या तांब्यापितळेत जुनी नाणी यायची. ती बघून बघून मला पारख आली, शाळा म्हणाल तर चौथी. हरबा माझ्याकडे आला आणि त्यानं पहिला रुपया ठेवला. आरशासारखा लख्ख.

"शेठ, चिंच आणि राख लावून घासलाय. दोन तास!"

"अरे, घात केलास! शंभर वर्षांत त्यावर काळसर निळी झाक चढली होती. शौकीन माणूस तीच बघून भुलतो. आता याला नुसत्या चांदीचा भाव. ध्यानात ठेव, जुन्यावर चढलेला रंग कधी काढायचा नाही."

"बरं शेठ."

संध्याकाळी सासरे लाल मातीच्या रस्त्यानं पायी आले. भुवयासुद्धा लाल. कौसानं अंघोळीचं पाणी काढलं. हरबानं ती बादली उचलली आणि मिरचीच्या वाफ्यात ओतली.

"मामा, अंघोळ करायची नाही. जुन्यावर चढलेला रंग काढला की भाव उतरतो."

"कुणाचा भाव?"

"तुमचा."

कौसानं कपाळाला हात लावला. "अहो, ते नाण्याचं होतं!"

"मग शेठनी तसं सांगायचं ना."

त्यानं विहिरीचा दोर लपवून ठेवला. सासरे रात्रभर अंग खाजवत बसले.

सकाळी हरबा दुसरा रुपया घेऊन आला. घासला नव्हता, पण पडू नये म्हणून घामेजल्या मुठीत धरून तीन कोस चालला होता, आणि आहे ना, आहे ना, म्हणून अंगठ्यानं चाचपत होता. भिंग लावून बघतो तर राणीच्या गालावर याचा अंगठा उमटलेला.

"हरबा, नाणं कडेनं धरायचं. तोंडाला बोट लावायचं नाही. आणि बघताना उजेडात नेऊन तिरपं करायचं, म्हणजे चमक कशी फिरते ते दिसतं."

"बरं शेठ."

दुपारी कौसा म्हणाली, "बाबांना कढी वाढा." हरबानं कढीचं पातेलं दोन बोटांनी कडेला धरलं. दारापाशी उजेडात नेलं. तिरपं केलं. दारातच सासरे बसले होते.

"मामा, चमक छान फिरली!"

"मेल्या, आता तरी अंघोळ करू दे!"

"आता? आता तर पिवळी झाकसुद्धा चढली. भाव वाढला तुमचा!"

राहिला एक रुपया. म्हशीची सगळी आशा त्याच्यावर. कौसानं स्वतः तो कापसात गुंडाळला, डबीत घातला आणि हरबाला शपथ घातली, की डबी दुकानाआधी उघडायची नाही. तो रुपया नीट पोचला. मी भिंग लावलं आणि ते खाली ठेववेना. राणीचं नाक शाबूत, केसांची बट न् बट स्पष्ट. उजेडात फिरवलं की चमक गरगर फिरायची.

"हरबा, याला म्हणतात नाणं! बाजारात फिरलं, मळलं, झिजलं की भाव गेला. कुणाचा हात न लागलेलं, कोरं करकरीत, त्यालाच खरा भाव. तुझी म्हैस आली बघ!"

मी गल्ल्यातून म्हशीच्या किमतीएवढ्या नोटा मोजून त्याच्यापुढे ठेवल्या. हरबानं एक नोट कडेनं उचलली. उजेडात नेली. तिरपी केली. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरच.

"शेठ, मला फसवता होय? हिला चार घड्या. ही तेलकट. हिच्यावर हळदीचा डाग. ही तर किती हातांतून गेली असेल! चमक म्हणाल तर नावाला नाही."

"अरे, नोटांचं तसं नसतं!"

"रुपयाचंच सांगितलंत ना? हेही रुपयेच." त्यानं अख्खी थप्पी माझ्याकडे सरकवली आणि बोट दाखवलं. लक्ष्मीच्या तसबिरीखाली दसऱ्याला ठेवलेली दहाची एक कोरी नोट होती. "ती द्या. मला आता पारख आलीय."

मी हसलो, समजावलं, ओरडलो. त्यानं दहाची नोट कापसात गुंडाळली, डबीत घातली आणि ऐटीत चालता झाला.

दुकानात मी एकटा. पुढ्यात तो रुपयाही होता आणि ती थप्पीही. खोटं कशाला बोलू, थप्पी गल्ल्यात टाकून मी गल्ला बंद केला. मग पुन्हा उघडला. मग खैरवाडीची वाट धरली.

मी रुपयाचा भाव सांगून थप्पी पुढे केली. कौसानं पैसे मोजले. "शेठ, दहा कमी आहेत."

"ते जावईबापूंनी आधीच आणलेत. डबीत बघ."

म्हैस आली. डबक्यातून उठून आलेली, शिंगांपर्यंत चिखलानं माखलेली. हरबा खांद्यावर काठी घेऊन तिच्यापुढे उभा आहे आणि कुणाला पाण्याची बादली घेऊन जवळ येऊ देत नाही. सासऱ्यांना मात्र दोर मिळाला. ते विहिरीवरून हलायला तयार नाहीत.

आता या गोष्टीत मूर्ख किती झाले ते मोजा. हरबा एक. त्याला तीनदा शिकवून ते फक्त नाण्याचं आहे हे एकदाही वेळेवर न सांगणारा, तोही धरा. आणि पुन्हा उघडण्याआधी गल्ला बराच वेळ बंद होता, तेही लिहा. हिशेब तुमच्याकडे आहे, आणि भरवसा कुणावर ठेवायचा तेही. माझी भीड न धरता तो चोख ठेवा.