पोचा पडलेलं झाकण

फार वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका जुन्या बाजारात बिअर प्यायचा मातीचा पेला होता. आपल्या वयाचा त्याला भारी तोरा. डोक्यावरचं कथलाचं झाकण मात्र त्याच्या डोळ्यांत खुपायचं, कारण ते मागाहून बसवलेलं होतं.

एकदा जुन्या वस्तूंची जाणकार हेडविगआजी आली. पेला म्हणाला, "आजी, हे झाकण माझं नव्हेच. काढून टाका."

आजीनं झाकण उघडलं, त्याच्या आतला आणि पेल्याच्या तळाचा शिक्का पाहिला. "खरंय. तू शंभर वर्षांचा, हे साठ वर्षांचं. पण हा पोचा बघितलास? कधीतरी तू डोक्यावर पडलास. तो मार यानं खाल्ला, म्हणून तू शाबूत आहेस. काढू आता?"

पेल्यानं उघडं झाकण हळूच मिटून घेतलं.