राजाच्या खांद्यावरचं दगडफूल

एका राज्यात शैलकेतू नावाचा राजा होता. रोज पहाटे तो लेकीच्या दाराशी येई नि विचारी, "उठली का माझी मैना?" आतून राजकन्या पद्मरेखा म्हणे, "तुमच्याआधी, बाबा!" खरं तर ती तेव्हा पांघरुणातच असे. किती गोड खोटं होतं ते!

एके दिवशी कालंजर मांत्रिकाने भंडाराच्या किल्ल्या मागितल्या. राजाने नाही म्हटलं. मांत्रिकाने मूठभर राख फुंकली आणि राजा उभ्याउभ्या दगड झाला. "या दगडावर जे आपलं पोट आपण भरेल, ते फुललं की राजा जागा होईल," एवढं बोलून मांत्रिक नाहीसा झाला.

राजकन्येने कुजक्या ओंडक्यावरची अळंबी आणून राजाच्या खांद्यावर ठेवली. घाईघाईने छत्री उघडणारी ती नखरेल बाई दुपारपर्यंत काळी पडली. मग राजकन्येने शिळ्या भाकरीवरची बुरशी आणली. भाकरी संपली तशी बुरशीही संपली.

झाडावरून धनेश पक्षी बोलला, "राजकन्ये, दोन्ही एकाच कुळातली, आयतं खाणारी. दगडावर त्यांना कोण वाढणार?"

"मग तिथे कोण तगेल?"

"दगडफूल. त्यातही बुरशीच आहे, पण ती एकटी नाही. तिच्या घरात हिरवं शेवाळ राहतं. बुरशी आसरा देते, ओल राखते. शेवाळ उन्हावर रांधतं. त्यावर दोघांचं भागतं."

"आणून देशील?"

"देईन. पण ते फार सावकाश वाढतं. थांबशील?"

"थांबेन."

धनेशाने कड्यावरून करडा तुकडा आणला. राजकन्येने तो राजाच्या खांद्यावर ठेवला आणि तिथेच बसून ती राज्य करू लागली. उन्हाळ्यात दगडफूल पापडासारखं वाळे. लोक म्हणत, गेलं. पाऊस पडला की ते पुन्हा हिरवट होई. रोज पहाटे ती बाबांपाशी येई, पण आता तिला कुणी काही विचारीत नसे. त्या एका प्रश्नासाठी तिचा जीव तुटे. असं करता करता तिचे केस पांढरे झाले.

एका पहाटे दगडफुलावर इवल्या इवल्या वाट्या उमलल्या. दगड ऊबदार झाला. राजाने डोळे उघडले. तो होता तसाच होता, तरणाताठा. समोरच्या म्हातारीला त्याने विचारलं, "आजीबाई, उठली का हो माझी मैना?"

पद्मरेखा म्हणाली,

"तुमच्याआधी, बाबा."

राजाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचं पांढरं डोकं छातीशी धरलं. तिने कमरेच्या किल्ल्या काढून त्याच्या हाती दिल्या. राज्याला राजा मिळाला, मैनेला बाबा मिळाले. तिची वाट फळली, तशी वाट पाहणाऱ्या सगळ्यांची फळो.