प्रतिवादी उदंडसेन हाजीर हो!

"नदीवरचा परटांचा घाट आजपासून बंद!" राजा उदंडसेनाने फर्मावलं. कारण काय? तर दुपारी महाराजांचा डोळा लागतो न लागतो तोच खिडकीखाली धुणं आपटल्याची धपाधप!

परीटआळीच्या पोटावरच पाय आला. बायका धावल्या तुळसाकडे. तुळसा त्यांच्याच आळीतली, पण राजाच्या न्यायशाळेत शिकत होती. विषय 'लोकन्याय'. म्हणजे ज्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही, त्यांच्या बाजूने कसं बोलायचं ते. वर्गात ती एकटीच. बाकीचे विद्यार्थी जमीनजुमल्याचे कज्जे शिकत आणि तिच्या विषयाला 'फुकटशास्त्र' म्हणून खिदळत.

तुळसा तशी भित्री. पाल चुकचुकली तरी टुणकन उडायची.

"आत्या, राजावर दावा? माझे तर आत्ताच हातपाय गार पडलेत!"

"पडू देत," कोंडाआत्या म्हणाली. "तोंड चालतंय ना? मग झालं तर!"

दाव्याची खबर ऐकून राजा मिशीत हसला. "दावा माझ्यावर आणि निकाल देणारही मीच! जिंकून दाखव, पोरी. जिंकलीस तर घाट उघडा. हरलीस तर कायमचा बंद!"

पंधरा दिवसांनी सुनावणीला दरबार गच्च भरला. घंटा घणघणली आणि तुळसा अशी दचकली, की आत्याचा अंगठाच चेंगरला.

"बोल!" न्यायासनावरून राजा गरजला.

"म-महाराज, आधी पुकारा व्हायला हवा. पुकारा झाला की प्रतिवादीने पिंजऱ्यात उभं राहायचं. नाही राहिला, तर निकाल एकतर्फी, दावा लावणाऱ्याच्या बाजूने. कायदा तुमचाच आहे."

पुकाऱ्यात पदव्या लावायच्या नाहीत, हाही कायदाच. चोपदाराने घट्ट डोळे मिटले आणि बोंब ठोकली, "प्रतिवादी उदंडसेन हाजीर होऽऽ!"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

"अरे, मी इथेच तर आहे!" राजा ओरडला.

"तिथे न्यायाधीश बसलेत, महाराज. पिंजरा रिकामाच दिसतोय. मग... एकतर्फी?"

"थांब, थांब!" अंगरखा सावरत राजा खाली उतरला आणि पिंजऱ्यात शिरला. मुकुट गजावर खणकन आपटला. "हा बघ, हजर! आणि हा निकाल: दावा फेटाळला!"

"पिंजऱ्यातून निकाल? असं चाललं तर प्रत्येक चोर स्वतःला सोडून देईल की!" तुळसाच्या तोंडून निघून गेलं, आणि आपलंच बोलणं ऐकून ती दचकली. पण थांबली नाही. "शिवाय आता न्यायासन रिकामं. म्हणजे दावा तहकूब. आणि निकाल लागेपर्यंत जुनी वहिवाट चालू. घाट उघडा!"

राजा धडपडत वर पळाला. "बसलो!"

"प्रतिवादी उदंडसेन हाजीर होऽऽ!" चोपदाराने सवयीने हाळी दिली.

राजा पुन्हा खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली! शेवटी पिंजऱ्याचे गज धरून धापा टाकत तो म्हणाला, "ठरलं! न्यायासनावर... दुसऱ्या कुणालातरी... बसवतो!"

"बसवा की!" तुळसा म्हणाली. "प्रधानजींना बसवा, सेनापतींना बसवा. पण बसवण्याआधी त्यांच्या अंगरख्याचा वास घ्या. घाट बंद झाल्यापासून कुणाचं काही धुतलं गेलेलं नाही, महाराज. यांतला कोणीही बसला, तरी निकाल आमच्याच बाजूने देईल!"

प्रधानजींनी जोरजोरात मान डोलावली. सेनापती तर शेजाऱ्यापासून आधीच चार हात लांब सरकून बसले होते. राजाने हळूच स्वतःची बाही हुंगली. त्याचा चेहरा जो वाकडा झाला तो झालाच, आणि मग तो पोट धरधरून हसत सुटला!

"हरलो! घाट उघडा! मी झोपायला मागच्या महालात जाईन. या पोरीला आजपासून आमच्या दरबारात कुणाच्याही वतीने उभं राहता येईल, खुद्द आमच्याविरुद्धसुद्धा! आणि अरे चोपदारा, या पिंजऱ्यात एक बाक टाक रे! उभं राहून राहून गुडघे गेले माझे!"