पिशाचाचे भरलेले ताट

माझी शाळा सातवीतच सुटली. त्यामुळे ऱ्हस्वदीर्घाच्या चुका राहिल्या असतील आणि शब्दही साधेच आहेत. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

एकदा एका गावात पुस्तकांची बांधणी करणारे एक वृद्ध गृहस्थ राहत होते. सगळे त्यांना नाना म्हणत. कोणतेही पुस्तक वाचल्याशिवाय ते बांधायला घेत नसत. त्यांच्या हाताखाली दोन शिष्य होते. अंकुश पाच वर्षांपासून शिकत होता. दिगंबरला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

एके दिवशी वाचनालयातून रक्तपिशाचाची एक जीर्ण कादंबरी आली. तिच्यात नायिकेला स्वप्न पडते. लग्नाची पंगत बसली आहे आणि पंगतीत पिशाचही आहे. त्याचे ताट काठोकाठ भरलेले, पण तो घास घेत नाही. इतरांच्या ताटांकडे टक लावून बसतो, आणि ज्याच्या ताटाकडे बघेल तो माणूस पांढराफटक पडतो. शेवटी पिशाचाच्याच ताटातल्या अन्नाची राख होते.

"काय रे, या स्वप्नाचा अर्थ काय?" नानांनी विचारले.

अंकुशने ते पान चार दिवस पुन्हा पुन्हा वाचले होते. तो म्हणाला, "मरण, नाना. ते कोणालाही गाठतं."

दिगंबर चिकटवायची खळ ढवळता ढवळता सहज बोलून गेला, "मला तर त्याची दयाच आली. एवढं वाढलंय, अन् चव ठाऊक नाही बिचाऱ्याला!"

"वा, दिगू!" नाना खुलले. "या पुस्तकावरची सोनेरी अक्षरं तूच ठसव."

त्या कामाची वाट अंकुश तीन वर्षे पाहत होता. कालचं पोर, धड सुई धरता येत नाही! त्यानंतर तो पुस्तक शिवत होता, पण डोळे दिगंबरवर. नाना त्याला किती वेळा हाक मारतात, त्याच्याशी बोलताना किती हसतात, सारे तो टिपू लागला.

शिवण पुरी झाल्यावर कडा कापायचे काम दिगंबरचे होते. तो पाणी प्यायला गेला तेवढ्यात अंकुशने यंत्राची मापपट्टी बोटभर सरकवली. दिगंबरने येऊन दांडा ओढला आणि पानापानावरच्या ओळींची टोके कातरणात पडली.

"माझ्याच हातून झालं, नाना," तो रडवेला झाला. "आता घरी पाठवाल ना मला?"

"मी म्हणतच होतो, पोर कच्चं आहे," अंकुश म्हणाला.

नानांनी सरकलेली मापपट्टी पाहिली, पण ते कोणावरच रागावले नाहीत. त्यांनी पुस्तक अंकुशपुढे ठेवले, सुरी दिली आणि म्हणाले, "उसव."

कापलेले पुस्तक उसवून काय मिळणार, अंकुशला कळेना. तो बसला. पण सुरीचे टोक दोऱ्याखाली शिरेना. अर्ध्या तासात चारच टाके सुटले.

"फार घट्ट आहे हो, नाना."

"कोणी शिवलंय?"

"मी."

"माझ्या हातून अशी शिवण कधी उतरली नाही. म्हणून तुला या कामावरून हलवलं नाही. सांगायचं राहिलं, ती चूक माझी." नाना त्याच्याजवळ बसले. "पण शिवताना तू एकदा तरी या टाक्यांकडे पाहिलंस का? त्या पिशाचाला रक्ताची भूक नव्हती, अंकुश. दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय, एवढंच त्याला दिसत होतं. शेजारी पांढरे पडले ते सगळ्यांनी वाचलं. राख कोणाच्या ताटात झाली ते दिगूनं वाचलं. पट्टी कोणी सरकवली हे मी विचारणार नाही. उद्या वाचनालयाला कोणाचं नाव सांगायचं, ते तू ठरव."

अंकुश बराच वेळ त्या टाक्यांवरून बोट फिरवीत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरळ वाचनालयात गेला. ग्रंथपालांना म्हणाला, "तुमचं पुस्तक कापताना बिघडलं. यंत्राची पट्टी मी सरकवली होती. कुठून दुसरी प्रत मिळाली, तर कडेला कागद जोडून गेलेली अक्षरं मी हातानं लिहून देईन." तिथून तो दिगंबरच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"मी येत नाही आज," दिगंबर आतूनच म्हणाला. "नाना काढतील मला."

"काढलं तर मला काढतील," अंकुश म्हणाला. "का ते वाटेत सांगतो. चल."