मिस्त्रीचे कान

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजेही होते आणि आगगाडीही होती. दोन्ही एका वेळी कसं, असं विचारू नका. गोष्ट ऐकायला बसलं की गुमान पुढे जायचं.

त्या राज्यात एका मोठ्या घाटाच्या माथ्यावर एक स्टेशन होतं. घाट उतरण्याआधी प्रत्येक गाडी तिथे थांबायची, आणि डब्यांची दुरुस्ती करणारा मिस्त्री लांब दांड्याची हातोडी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा. प्रत्येक चाकावर एक टोला. चाक धडधाकट असेल तर घंटेसारखं खणखणायचं, तडा गेला असेल तर फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजायचं. डब्याची सगळी चाकं खणखणीत वाजली की मिस्त्री त्याच्यावर खडूची रेघ ओढायचा. एखादं बद्द वाजलं, की तो डबा आजारी. त्याला बाजूच्या रुळावर घ्यायचं, आणि मिस्त्री त्याच्याखाली शिरायचा तो त्याला बरं करूनच बाहेर यायचा.

त्याच्या मागून त्याची बायको तेलाची झारी घेऊन यायची. रेघ ओढलेल्या डब्याच्या आसांना ती तेल घालायची. तेल घातल्याशिवाय डबा घाट उतरत नसे, मग गाडी खुद्द राजाची का असेना. चाळीस वर्षं दोघं असे पुढेमागे चालत आले होते. लग्नात सात पावलं चालले असतील. त्यानंतरची मोजायची कुणी?

मिस्त्रीच्या कानाची ख्याती एवढी, की बाजारात मडकं घ्यायचं असलं तरी लोक त्याला सोबत न्यायचे.

पण म्हातारपण काही सांगून येत नाही. एका वर्षी मिस्त्रीला वाटलं, यंदा कोकिळेला आळस चढलाय. मग वाटलं, बायको आता शहाणी झाली, हळू बोलायला लागली. आणि एका सकाळी त्याने चाकावर टोला दिला, तर काहीच वाजलं नाही. पुन्हा दिला. रुळाशेजारी झोपलेलं कुत्रं दचकून उठलं आणि पळालं. तेव्हा त्याला कळलं, चाक वाजलं होतं. कुत्र्याला ऐकू आलं होतं, त्यालाच आलं नव्हतं.

सांगावं तर हातोडी जाणार. आणि हातोडी नसलेल्या मिस्त्रीला मिस्त्री कोण म्हणणार? तो बायकोलाही बोलला नाही. त्याने एक युक्ती काढली. टोला मारायचा आणि लगेच चाकावर तळहात ठेवायचा. चांगलं चाक टोल्याने थरथरतं, तडकलेलं गप्प राहतं. चार महिने ही युक्ती चालली. लोकांना वाटायचं, म्हातारा चाकांना मायेने थोपटतोय.

मग जत्रेचा दिवस उजाडला. खाली दरीतल्या गावी देवीची जत्रा होती, आणि गाडी खचाखच भरून आली. आठव्या डब्यात तर पोरांनी उच्छाद मांडला होता. फळ्यांवर नुसत्या उड्या चालल्या होत्या. मिस्त्रीने त्या डब्याच्या चाकावर टोला दिला, हात ठेवला, आणि चाक थरथरलं. ते टोल्याने नव्हे, पोरांच्या उड्यांनी थरथरलं होतं. पण हाताला ते कसं कळावं? त्याने रेघ ओढली आणि तो पुढे गेला.

शेवटच्या डब्याशी पोचून त्याने मागे पाहिलं. बायको आठव्या डब्यापाशीच उभी होती. झारी हातात होती, पण तिने ती तिरपी केली नव्हती.

मिस्त्री परत फिरला. तोवर स्टेशनमास्तर धावत येऊन तिच्यावर ओरडत होता. चाकाचा नाद गेला असला तरी जवळून आणि ओरडून बोललेलं मिस्त्रीला अजून ऐकू यायचं.

"तेल संपलंय," बायकोही तेवढ्याच मोठ्याने मास्तरला म्हणाली. "हा डबा राहू द्या, माणसं दुसऱ्या डब्यांत बसवा."

"संपलंय? जत्रेच्या दिवशी? बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "म्हातारी झाली, आता घरी बसवा तिला," कुणीतरी ओरडलं, आणि बाकीचे हसले. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

मिस्त्री तिच्याकडे पाहत होता. झारीच्या वजनाने तिचा खांदा एका बाजूला झुकला होता. रिकाम्या झारीने खांदा झुकत नाही. आणि ही बाई कधी खोटं बोलणारी नव्हती. शेजारणीने भाजी कशी झाली विचारलं तरी खरं सांगून भांडण ओढवून घेणारी. मग आज का? त्याने चाकाकडे पाहिलं, आणि त्याला सगळं उमगलं. चाक बद्द वाजलं होतं. तिने ते ऐकलं होतं. त्याला ऐकू येत नाही हे तिला केव्हाचंच ठाऊक होतं, आणि चार महिने ती मागून त्याच्या प्रत्येक टोल्याकडे कान देऊन चालत होती.

तो गप्प राहिला असता, तर डब्यातली पोरंही वाचत होती आणि त्याची अब्रूही. बोल तेवढे तिला लागणार होते. ते मिस्त्रीला सोसवेना.

"मास्तर!" तो म्हणाला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा तो बोलला, त्यामुळे अख्ख्या फलाटाने ऐकलं. "झारी भरलेली आहे. माझे कान गेलेत. हे चाक तडकलंय आणि मला ते कळलं नाही. चार महिने गाड्या सुखरूप उतरल्या त्या हिच्यामुळे, माझ्यामुळे नाही."

त्याने बाहीने खडूची रेघ पुसली आणि हातोडी मास्तरच्या पुढ्यात ठेवली.

पोरांना उतरवलं, डबा बाजूला घेतला. चाकाच्या आतल्या अंगाला बोटभर तडा निघाला. घाटाच्या पहिल्याच वळणावर ते फुटलं असतं. खिडक्यांतलं हसू जागच्या जागी विरलं.

बायको मिस्त्रीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "कशाला सांगितलंत? मी निभावून नेलं असतं."

"आणि एखाद्या दिवशी तू तापाने अंथरुणात असतीस तर?" मिस्त्रीने विचारलं.

गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजाने हुकूम काढला: यापुढे एकाने टोला मारायचा, दुसऱ्याने ऐकायचं, आणि दोघांचा होकार असेल तरच रेघ ओढायची. मिस्त्रीला हातोडी परत मिळाली, ऐकायला बायको नेमली गेली. पण चार महिने लपवल्याची शिक्षाही मिळाली. राज्यातल्या प्रत्येक स्टेशनावर जाऊन त्याने आपली चूक तिथल्या मिस्त्र्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायची.

दोघं मिळूनच गेले. मिस्त्री मोठमोठ्याने सांगायचा, आणि तो स्वतःला फारच दोष देऊ लागला की बायको त्याला मध्येच गप्प करायची. सांगून झालं की तिथले मिस्त्री जवळ सरकायचे. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "मला सांजेला नीट दिसत नाही." दुसरा म्हणायचा, "माझा गुडघा वाकत नाही, मी डब्याखाली शिरतच नाही." आणि शेजारचा म्हणायचा, "मग मला सांगायचं की रे! मी शिरलो असतो."

तात्पर्य: आपलं उणं वेळेवर सांगितलं तर ते भरून काढायला आपली माणसं पुढे येतात, झाकून ठेवलं तर ते निरपराधांच्या जिवावर बेततं.