गुणाजीनं छत पारखलं

बोरखेडीत गुणाजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती? सांगितलेलं काम कधी चुकवायचा नाही. तिथंच सगळं चुकायचं.

त्याची थोरली बहीण ठकूआक्का मेणकापड करायची. जाड सुती कापड घ्यायचं. मेण आणि जवसाचं तेल कढईत कढवायचं. हे झालं पाणी थांबवायला; ऊन थांबवायला त्यात मूठभर काव, म्हणजे तांबडी माती. कापडावर चोळून वाळवलं की थेंब वरच्या वर घरंगळायचा. आक्काचे हात राकट, जीभ त्याहून राकट.

त्या वैशाखात पाटलांच्या लेकीचं लग्न निघालं. आभाळ तर रोज दुपारी काळं व्हायचं. पाटील म्हणाले, "ठकू, मांडवावर मेणकापडाचं छत घाल. पण वऱ्हाडातला एक माणूस जरी भिजला, तर या गावात तुझी कढई पुन्हा चढायची नाही."

"एक जरी भिजला तर मीच कढई नदीत टाकीन," आक्का म्हणाली. बोलली खरी, पण दोघांचं पोट त्या कढईवरच होतं.

तिनं गुणाजीला कापडावर चोळायला मेणाचा गोळा दिला. "गुण्या, एकच ध्यानात ठेव. कापडातून पाणी खाली उतरता कामा नये."

"बरं आक्का."

आक्का सरपण आणि पाणी आणायला गेली. तहानलेली परत आली, माठ भरायला घागर उपडी केली, तर सगळं पाणी तिच्याच पायांवर. माठावरचं गाळायचं फडकं मेणानं नुसतं चकाकत होतं.

"मेल्या, हे काय?"

"थेंब उतरला नाही आक्का. माठ बघ, कसा ठणठणीत कोरडा!"

"अरे दगडा, याला भोकं लागतात, भोकं! पाणी खाली जायला!"

"बरं आक्का."

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या अंगणात लाडवांसाठी गुळाच्या ढेपा येऊन पडल्या. त्यावर टाकायला आक्कानं मेणकापड दिलं. गुणाजी वाटेत बसला, दाभण काढलं आणि कापडाला नीट भोकं पाडली. दुपारी सर आली. पाटलांच्या अंगणातून गुळाचा ओहोळ निघाला आणि मुंग्यांचं वऱ्हाड लग्नाआधीच जेवून गेलं.

आक्कानं कपाळ बडवलं. "अरे, कापड पाणी धरतंय का, ते आधी वरून तांब्याभर पाणी ओतून बघावं!"

"बरं आक्का."

तेवढ्यात पाटील भांडायला आले. लग्नाचा नवा गुलाबी फेटा बांधून बघत होते, तसेच तणतणत आले. गुणाजीनं फेटा पाहिला. सुतीच होता. तो मागून गेला आणि तांब्या ओतला. गुलाबी रंग मिशांपर्यंत उतरला.

"आक्का, हे काही पाणी धरत नाही."

"अरे मुडद्या, खाली माणूस आहे! खाली माणूस असला तर आधी त्याला बाहेर काढावं, मग वर पाणी!"

"बरं आक्का."

पंचक्रोशीत मेणकापड करणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पाटील मिशा पुसत निघून गेले.

मग आक्कानं छत एकटीनं केलं. गुणाजीला कढईकडे फिरकू दिलं नाही. लग्नात त्याला कोपऱ्यातल्या खांबापाशी उभं केलं. "इथनं नुसतं बघ."

मंगलाष्टकं सुरू झाली आणि वळीव कोसळला. वर छतावर ताशा वाजावा तसा पाऊस, खाली अक्षता कोरड्या. पाटलांनी आक्काकडे पाहून मान डोलावली. आक्काच्या छातीवरचा दगड उतरला.

गुणाजीनं वर बघितलं. वर पाणी. खाली बघितलं. खाली माणसं! तो ओरडत सुटला.

"बाहेर व्हा! वर पाणी आलं! आधी बाहेर व्हा!"

लोकांना वाटलं, मांडव कोसळतोय. भटजी अंतरपाटासकट पळाले. त्यांच्यामागे नवरदेव, नवरी, करवल्या, वाजंत्री. एक लठ्ठ विहीणबाई खांबाला मिठी मारून बसली होती. तिला गुणाजीनं उचलून पावसात नेऊन ठेवलं आणि परत आत आला.

आक्का ओरडत होती, पण ढगांपुढं तिचंही काही चालेना. सगळं वऱ्हाड चिखलात उभं. पाटलांच्या फेट्याचा रंग पुन्हा मिशांवर.

रिकाम्या मांडवात गुणाजीनं जमीन चाचपली. खडखडीत कोरडी. त्याचं तोंड फुललं.

"आक्का!" तो आतून ओरडला. "छत पक्कं आहे! आतला एकही माणूस भिजला नाही!"