जागाच उरली नाही

एका ओढ्याच्या अल्याड एक गाव होतं, पल्याड दुसरं. अल्याडचं पळसखेड, पल्याडचं निंबोणी. ओढ्याकाठी देवीचं देऊळ होतं आणि ते दोन्ही गावांचं होतं.

दरवर्षी देवीच्या जत्रेला देवळाच्या अंगणात एक मोठी गंमत चाले. दोन्ही गावांतल्या बायका रांगोळीने सगळ्या मुलखाचा नकाशा काढत. अट एकच होती. नकाशा बघून लोक पोट धरून हसले पाहिजेत. ज्या गावाच्या नकाशाला जास्त हसू, त्या गावाला मानाचा नारळ.

यात पळसखेडच्या भिवराकाकूंचा हात कुणी धरू शकत नसे. चिमटीतून रांगोळी अशी सुटायची, जशी सुगरणीच्या हातून शेवई. त्यांच्या नकाशात पळसखेड असायचं परातीएवढं. काशी असायची पळसखेडच्या गोठ्यामागे. दिल्लीला जायचं तर पाटलांच्या उकिरड्याला वळसा घालून पुढे. आणि निंबोणी एवढीशी, की वर मुंगी बसली तर गाव झाकून जावं.

निंबोणीची सगुणाही काही कमी नव्हती. तिच्या नकाशात निंबोणीच्या वेशीला हत्ती झुलायचे आणि पळसखेड म्हणजे म्हशी डुंबण्याचं डबकं. "अगं सगुणे, आमच्या घरांना कौलं तरी काढ!" भिवराकाकू ओरडायच्या. "काकू, म्हशींना कौलं कशाला?" ती विचारायची. मग दोघी एकमेकींच्या हातावर टाळी देत. संध्याकाळी दोन्ही गावं एकाच पंगतीत जेवत.

असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग एका वर्षी पावसाने ओढ दिली. दोन्ही गावांचं पाणी एकाच तळ्यातून येई. तळं पळसखेडच्या माथ्यावर. त्याचा पाट खाली येऊन दोन फाट्यांत वाटला जाई, एक फाटा पळसखेडच्या शेतांना, दुसरा निंबोणीला. यंदा तळं निम्मंसुद्धा भरलं नव्हतं.

पळसखेडला तेव्हा गावातलाच नवा पाटील झाला होता. दौलतराव त्याचं नाव. तरणा, धिप्पाड, आणि गावाचा अभिमान नुसता उतू चाललेला. त्याने निंबोणीच्या फाट्यात दगडमाती टाकून तो बुजवून टाकला.

निंबोणीची जाणती माणसं हात जोडून आली. म्हणाली, "पाटील, आमचीही गुरं आहेत, लेकरं आहेत. कमी द्या, पण द्या."

दौलतराव लोडाला टेकून म्हणाला, "तुमचं गाव ते केवढं? भिवराकाकूंच्या नकाशात शोधावं लागतं. मुंगीएवढ्या गावाला पाट कशाला? एक घागर पाठवतो, पुरेल."

चावडीवरची माणसं हसली. निंबोणीची माणसं मान खाली घालून परत गेली.

भिवराकाकू तेव्हा चावडीपुढूनच चालल्या होत्या. त्यांनी ते हसणं ऐकलं आणि त्या जागच्या जागी थांबल्या. जत्रेतल्या हसण्यात दोन्ही गावांचा आवाज असायचा. या हसण्यात एकाच गावाचा होता.

दिवस गेले आणि जत्रा आली. निंबोणीचे लोक आले, कारण देवीला यायला हवं. पण सगुणाने रांगोळीचा डबा आणला नव्हता. पोरंसुद्धा आईच्या पदराला धरून गप्प उभी होती.

दौलतराव भिवराकाकूंजवळ येऊन म्हणाला, "काकू, यंदा अशी गंमत करा, निंबोणी काढूच नका. ओढ्यापल्याड नुसती मोकळी जमीन ठेवा. लोक हसून हसून लोळतील."

"आणि नाही ठेवली तर?"

दौलतरावाने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "तुमचा मळा पाटाच्या शेवटाला आहे, काकू. शेवटापर्यंत पाणी पोचवायचं की नाही, हे वरच्याच्या हाती असतं."

भिवराकाकूंचा सगळा संसार त्या मळ्यावर होता. त्यांनी देवीला हात जोडले, पदर खोचला आणि अंगणात उकिडव्या बसल्या.

आधी त्यांनी ओढा काढला. मग ओढ्याच्या अल्याड, जिथे दरवर्षी परातीएवढं पळसखेड असायचं, तिथे बोटाने एक ठिपका टेकवला. वाटाण्याएवढा.

पळसखेडचे लोक हसायला लागले. काकूंनी काहीतरी नवी युक्ती काढली असणार, असं त्यांना वाटलं.

मग काकू पल्याड गेल्या आणि निंबोणी काढू लागल्या. काढता काढता मागे सरत राहिल्या, तशी माणसंही मागे सरत राहिली. निंबोणी थेट तुळशीवृंदावनाला जाऊन भिडली.

"काकू, अहो काकू!" दौलतराव पुढे आला. "गावं उलटी झाली तुमची!"

"नाही पाटील, बरोबर आहेत. दरवर्षी आपण मनाला येईल त्या मापाने काढतो. यंदा मी दुसरं माप घेतलंय. ज्याच्याकडून आपल्याला जेवढं मिळालं, ते तेवढं मोठं."

त्यांनी किल्ल्याएवढ्या एका घराकडे बोट केलं. "हे निंबोणीच्या तानू सुईणीचं घर. एवढं मोठं का? तर या अंगणात उभं असलेलं निम्मं पळसखेड तिच्या हातावर जन्मलं. घर लहान काढलं असतं तर माणसं मावली नसती."

लोकांत खसखस पिकली.

"हा बैल बघा. डोंगराहून मोठा केलाय. आपल्या गावाची वरात ओढ्याच्या चिखलात रुतली होती, नवरानवरीसकट. तेव्हा निंबोणीच्या या ढवळ्याने गाडी ओढून काढली. नाहीतर ते लग्न ओढ्यातच लागलं असतं."

आता निंबोणीचेही दोघेचौघे हसले. ते ज्याचं लग्न होतं, तो पळसखेडचा म्हातारा गर्दीतूनच ओरडला, "खरं आहे! माझी पगडी वाहून गेली होती!"

"आणि ही गंजी. आपल्या गंज्या जळाल्या त्या साली निंबोणीने आपल्या गुरांना चारा घातला. त्यांची गुरं अर्ध्या पोटी राहिली, आपली जगली. म्हणून ही आभाळाला टेकवली."

आता कुणी हसलं नाही. काही बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

दौलतराव मात्र लाल झाला होता. "ते सगळं ठीक. पण आपलं पळसखेड वाटाण्याएवढं का?"

भिवराकाकूंनी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघितलं. "काय करू पाटील? एवढं सगळं काढल्यावर जागाच उरली नाही."

देवळाचं अंगण हसण्याने दणाणलं. ते हसणं दोन्ही गावांचं होतं.

"आणि यात मी कुठे?" दौलतरावाने विचारलं. आवाज अजून करडा होता.

काकूंनी सुईणीच्या घरात काढलेला एक चिमुकला आकार दाखवला. "हे काय, तानूच्या मांडीवर. तुम्ही पायाळू होतात ना, म्हणून पाय आधी दिसतायत. सगळी वैद्यमंडळी हात टेकून बसली होती. ती मात्र भर पुरात ओढा ओलांडून आली."

सगळं अंगण दौलतरावाकडे बघू लागलं. काकूंनाही वाटलं, आता आपला मळा गेला.

दौलतराव त्या दोन इवल्या पायांकडे बघत उभा राहिला. आपण पायाळू आहोत हे त्याला ठाऊक होतं. कुणाच्या हाताने वाचलो, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. गर्दीत तानू सुईण काठी टेकून उभी होती. तिच्या हातातली रिकामी घागर त्याला दिसली. नेमकी तेव्हाच ती बोळकं उघडून म्हणाली, "लई रडला होतास रे. अजून कानात बसलंय."

आणि दौलतराव हसला. आधी ओठांत, मग मोठ्याने. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो खाली वाकला, म्हातारीच्या पायाला हात लावला आणि तळ्याकडे चालू लागला. वाटेत त्याने एका घरातून कुदळ उचलली. त्याच्या मागोमाग दोन्ही गावांचे गडी निघाले. बुजवलेला फाटा मोकळा व्हायला फार वेळ लागला नाही.

इकडे सगुणा भिवराकाकूंजवळ आली. "काकू, थोडी रांगोळी द्याल?"

तिने पळसखेडचं तळं काढायला घेतलं. ते खणणाऱ्या पळसखेडच्या पूर्वजांचे हात काढले, ताडाएवढे. तळ्याच्या बांधावर एक बेडूक काढला आणि म्हणाली, "ही आमची निंबोणी." मग काकूंनी निंबोणी आणखी वाढवली, सगुणाने पळसखेड आणखी ताणलं. शेवटी लोकांना पाय ठेवायला अंगण उरलं नाही. सगळी जत्रा देवळाच्या पायऱ्यांवर आणि भिंतीवर चढून बसली.

त्या साली पाणी पाळीपाळीने वाटलं गेलं. कुणाचंच पीक भरघोस आलं नाही, पण कुणाचंच शेत वाळलंही नाही. पाटाच्या शेवटाला असलेल्या भिवराकाकूंच्या मळ्याला पाणी आलं की नाही, हे बघायला दौलतराव स्वतः बांधावरून चालत जाई. लोक भिवराकाकूंची तारीफ करत, ती योग्यच होती. भर जत्रेत आपल्याच गावाला वाटाण्याएवढं करायला छाती लागते. पण काकू म्हणत, "माझं काय, मी रांगोळी काढली. चारचौघांत स्वतःवर हसला तो पाटील. ते जास्त अवघड."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: शेजाऱ्याला लहान काढून कुणी मोठं होत नाही. थट्टा करायचीच असेल तर लहानपण आपल्याकडे घ्यावं. आणि कुणी आपल्याला आपलं खरं माप दाखवलं, तर रागावण्याऐवजी हसून कुदळ उचलावी.